कर्णिकबाईंचे त्रेसष्ट

“त्रेसष्ट,” कर्णिकबाई म्हणाल्या.

दिवेकरसाहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. ते आमच्या कँपातल्या गोल्फ क्लबाचे सेक्रेटरी. त्यांच्या टेबलावर स्कूटरचा फुटलेला आरसा ठेवला होता, पंचनाम्याला ठेवतात तसा. आदल्या रविवारी बाईंचा बॉल सातव्या होलवरून निघाला तो थेट साहेबांच्या स्कूटरवर.

“बाई, आकड्याचा प्रश्नच नाही. आज आरसा गेला. उद्या आरशाच्या जागी कोणाचं डोकं असेल.”

“म्हणून तर आकडा देतेय. मला दिसत नाही, मला खेळता येत नाही, असंच ना कमिटीचं म्हणणं? मग लेडीज कपला मी नऊ होल खेळते. त्रेसष्ट स्ट्रोक, त्रेसष्ट फटके, किंवा त्याच्या आत कार्ड आलं तर मी खेळत राहणार. चौसष्ट झाले तर दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यात चहा पीत बसेन, सबनीसबाईंच्या सुनेच्या तक्रारी ऐकत.”

“झेपतील त्रेसष्ट?”

“गेल्या तीन आठवड्यांची कार्डं काढा. चौसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. मी सुधारतेय, दिवेकर. चौऱ्याहत्तराव्या वर्षी.” त्यांनी मान माझ्याकडे वळवली. “सांग गं यांना.”

मी दारात त्यांची बॅग खांद्यावर घेऊन उभी होते.

“हो साहेब,” मी म्हणाले. “बाई सुधारल्यात.”

कर्णिकबाईंना सरळ बघितलं की दिसत नसे. डोळ्यांच्या मधोमध एक करडा डाग बसला होता, कडेकडेचं तेवढं शाबूत होतं. म्हणून त्या माणसाशी बोलताना त्याच्या कानाशेजारी बघत, आणि बॉल मारताना बॉलच्या वीतभर पलीकडे. नवख्याला वाटे, बाई कुठल्यातरी दुसऱ्याच बॉलला मारायला उभ्या आहेत. पण हात पंचेचाळीस वर्षांच्या सवयीचे. हातातली काठी, क्लब, जायचा तिथेच जाई. अडचण त्याच्या पुढची होती. एकदा बॉल उडाला की तो गेला कुठे, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. तो मार्ग म्हणजे मी.

मी तेव्हा वीस वर्षांची. खरे कॅडी आमचे आबा, भिवाजी शेजवळ. तीस वर्षं साहेबलोकांच्या बॅगा वाहून त्यांचा उजवा गुडघा गेला. गणपतीनंतर ऑपरेशन झालं, तेव्हा बाईंनी दुसरा कॅडी न घेता घरी निरोप पाठवला, “भिवाची पोरगी बी.कॉम. करतेय ना, तिला पाठव. तिला आकडे तरी येत असतील.” कॉलेज दुपारचं होतं. मी गेले. त्या कोर्सवर मुलगी कॅडी म्हणून मी पहिलीच. पहिल्या आठवड्यात मी बॅग उचलली की बाकीचे कॅडी हातातलं काम टाकून बघत राहायचे, ही आता पडते की मग पडते.

बाईंनी पहिल्याच दिवशी बाकावर बसवून माझी शिकवणी घेतली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी सदतीस वर्षं काढली होती, शेवटी सुपरवायझर होत्या. मिस्टर कँपात इंजिनियर. ते गेल्यावर क्लबाची मेंबरशिप बाईंकडे राहिली.

“लाइनवर फालतू बोलायचं नाही,” त्या म्हणाल्या. “तीनच गोष्टी सांगायच्या. दिशा, अंतर, जमीन. दिशा घड्याळानं. समोर बारा, उजव्या हाताला तीन. अंतर पावलांत. आणि जमीन म्हणजे बॉल कशावर पडलाय ते.”

“आणि चांगला मारला तर?”

“तर मला कळेल. कौतुक नको.”

कौतुक त्यांना फार आवडायचं, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

आमचा कोर्स म्हणजे कॅलेंडरवरच्या चित्रातला हिरवा गालिचा नव्हे. दिवाळीपर्यंत बरा, मग पिवळा, आणि फेब्रुवारीत जागोजागी मुरूम उघडा पडलेला. होलाभोवती हिरवळ टिकत नाही, म्हणून तिथे वाळूत जळकं इंजिन ऑइल कालवून गोल थापलेला असतो. त्याला सगळे ब्राउन म्हणतात. त्यावर पावलं उमटतात. म्हणून शेवटचा हलका फटका मारण्याआधी कॅडीनं दांड्याला बांधलेलं गोणपाट ओढून होलापर्यंतची वाट गुळगुळीत करायची. बाई म्हणायच्या, “तू वाट ओढलीस की मला सासरी आल्यासारखं वाटतं. रांगोळी तेवढी राहिली.”

लेडीज कप होळीच्या आदल्या रविवारी होता. बाईंच्या जोडीला सबनीसबाई. एकमेकींचे स्ट्रोक एकमेकींनी लिहायचे, अशी पद्धत. सबनीसबाईंचे कॅडी युसुफचाचा, आबांचे जुने जोडीदार, सगळ्या कॅडींमध्ये वडीलधारे. असे आम्ही चौघं निघालो.

“नलू, आज अंगारा लावून आलेय तुझ्यासाठी,” सबनीसबाई आमच्या बाईंना म्हणाल्या.

“माझ्यासाठी तू लावलास?”

“तुझ्या कपाळाला कुंकू तरी धड लागतं का? दिसत नाही नि बिसत नाही. भुवईवर असतं.”

“वत्सला, तू स्ट्रोक मोज. भुवया मी बघते.”

त्या दिवशी बाई काय खेळल्या! पहिल्या होलवर त्यांचा बॉल सुतासारखा सरळ गेला. मी “बारा, एकशे तीस, गवत” म्हणेपर्यंत त्या चालायलाही लागल्या होत्या. चौथ्या होलपर्यंत सत्तावीस झाले. सहाव्यावर बॉल बाभळीच्या फांदीला घासून गेला आणि नेमका मोकळ्यावर पडला. सातव्यावर दिवेकरसाहेबांनी स्वतःची स्कूटर आधीच क्लबामागे नेऊन ठेवली होती. युसुफचाचा म्हणाले, “साहब का भरोसा नहीं दिखता, बाई,” आणि बाई इतक्या हसल्या की त्यांना चालता चालता दोनदा थांबावं लागलं. आठव्या होलनंतर सबनीसबाईंनी कार्ड नाकाजवळ धरलं आणि बेरीज केली. मग पुन्हा केली.

“पंचावन्न. नलू, पंचावन्न! नवव्याला आठ घेतलेस तरी तू खेळत राहणार.”

“आठ लागत नाहीत मला,” बाई म्हणाल्या. पण बॉल ठेवायची छोटी खुंटी, टी, त्यांनी जमिनीत दोनदा खोचली.

नववा होल व्हरांड्यासमोर येऊन संपतो. तिथे बायका साड्या सावरून कठड्याशी उभ्या होत्या, दिवेकरसाहेब पायरीवर. खाली कडुलिंबाच्या झाडाशी आबा काठी टेकवून बसले होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ते कोर्सवर आले होते.

बाईंचा पहिला फटका बरा गेला. दुसरा मारला आणि मला आवाजावरूनच कळलं, क्लबाच्या टोकाला लागलाय. बॉल उजवीकडे वळला, नाल्याच्या काठावर उतरला. टक्. मग बारीक खरखर.

“काय लागलं?” बाईंनी विचारलं.

“काही नाही, बाई. पुढे गेलाय.”

मी पुढे धावत गेले. बॉल नाल्याच्या काठच्या एका काळ्या दगडाला खेटून मुरुमात बसला होता. मागे दगड, पुढे मूळ. तिथून मारायला गेलं तर आधी क्लब मोडेल, मग मनगट. दीड हातावर गवताचा एक झुबका होता, कोणी मुद्दाम लावल्यासारखा.

मी मागे बघितलं. बाई येत होत्या, सबनीसबाईंच्या दंडाला धरून. युसुफचाचा माझ्याकडेच बघत होते.

आमच्यात ही एक विद्या असते. पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या चिमटीत बॉल धरायचा आणि चालता चालता, पाऊल न अडखळू देता, पुढे ठेवायचा. वाकायचं नाही, खाली बघायचं नाही. म्हणून जुने कॅडी बूट घालत नाहीत. आबांनी आम्हा भावंडांना अंगणात बॉलऐवजी लिंबू ठेवून, लिंबावर शिकवलं होतं, आम्ही त्याची शर्यत लावायचो. आता, इतक्या वर्षांनी, माझी लेक धरून धरून उभी राहते. ती कुठल्या बाजूला कलंडणार हे कळायच्या आत माझा पाय आपोआप उशी तिकडे सरकवतो. त्या दिवशीही तसंच झालं. पाय आधी गेला.

युसुफचाचांनी मान वळवली. कॅडीचं कॅडी बघत नाही.

“बोल,” बाई आल्या.

“दिशा बारा. एकशे दहा पावलं.”

“जमीन?”

“गवत,” मी म्हणाले.

बाईंनी मान नाल्याकडे वळवली. मग त्यांनी पाच नंबरचा लोखंडी क्लब मागून घेतला, वीतभर पलीकडे नजर लावली आणि मारला. स्वच्छ, मऊ फटका. व्हरांड्यातून ओरडा उठला. चौथा ब्राउनच्या अलीकडे, पाचवा ब्राउनवर. मी गोणपाट ओढून वाट केली. सहावा होलाच्या ओठावर थांबला. सातवा आत.

सात. पंचावन्न आणि सात, बासष्ट.

सबनीसबाईंनी कार्डाचा पंखा करून स्वतःला वारा घातला. कठड्यावरच्या बायका टाळ्या वाजवत खाली आल्या. लिंबाखाली आबा काठीवर जोर देऊन उभे राहिले आणि मला लांबूनच हात केला. दिवेकरसाहेब हसत होते, खरंच हसत होते. म्हणाले, “बाई, माझ्या स्कूटरला आता हेल्मेट घेतो.”

“सही कर, नलू,” सबनीसबाईंनी कार्ड आणि पेन पुढे केलं. “नि चल, समोसे गार होतायत.”

बाईंनी पेन हातात घेतलं. सही केली नाही.

“प्रज्ञा, बॉल कुठे होता?”

“कधी, बाई?”

“दुसऱ्या फटक्यानंतर. आधी टक् झालं. दगड. मग खरखर झाली. मुरूम. आणि तिसरा मी मारला तेव्हा आवाज गवताचा आला. दगडातून गवतात तो काय चालत गेला?”

मी बॅगेचा पट्टा खांद्यावर सावरला.

“पायानं?”

“हो.”

“आणखी कुठे हलवलास आज?”

“नाही, बाई. आज फक्त तिथंच.”

सबनीसबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “नलू, सोड की. पोर आहे. कोणी पाहिलं नाही.”

“मी तर काहीच पाहत नाही गं,” बाई म्हणाल्या. “दिवेकर, कॅडीनं बॉल हलवला आणि तो परत जागेवर न ठेवता मारला. किती?”

दिवेकरसाहेबांचं हसू अजून चेहऱ्यावरच होतं, काढायचं राहून गेल्यासारखं. “दोन,” ते म्हणाले. “पण बाई, आपण काही एवढं… चौसष्ट काय नि त्रेसष्ट काय.”

“मग आकडा कशाला घेतलात माझ्याकडून?”

त्यांनी कार्ड डोळ्याच्या कडेशी धरलं, सातावर काट मारली, नऊ लिहिलं आणि खाली सही केली. सही ओळ सोडून वर गेली.

बॅग मी फाटकापर्यंत नेली. बाईंची नेहमीची रिक्षा उभी होती. रिक्षावाल्याला त्यांनी जरा लांब थांबायला सांगितलं.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“रोज?”

“रोज नाही. वाईट पडला तरच.”

“म्हणजे रोजच.” त्या रिक्षाच्या दांडीला धरून उभ्या होत्या. “मग ती कार्डं. चौसष्ट, बासष्ट…”

मी मान हलवली. मग लक्षात आलं, त्यांना ते दिसत नाही. “खरी नव्हती, बाई.”

“मला कधीकधी शंका यायची. आवाज कळतो मला. पण आपण सुधारतोय असं वाटायला लागलं की ऐकावंसं वाटत नाही.” त्यांनी दांडीवरचा हात बदलला. “त्या आकड्यांवर पैज लावली गं मी. दिवेकरांसमोर मोठ्या तोऱ्यात. आणि तू दारात उभी राहून हो म्हणालीस.”

“तुम्हाला बरं वाटावं म्हणून…”

“आज दगड आहे म्हणाली असतीस, तर मी एक स्ट्रोक भरला असता आणि बॉल बाजूला टाकला असता. नियमात बसतं ते. पुढे तेच फटके. मोज.”

मी मोजलं. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. बासष्ट अधिक एक.

“आज फक्त तिथंच, म्हणालीस,” बाई म्हणाल्या. “आधीचे पंचावन्न. तेही मी कसे माझे धरू आता?”

त्यांनी बॅग माझ्या खांद्यावरून स्वतः उतरवून घेतली आणि रिक्षात बसल्या.

घरी आबांना सगळं सांगितलं तेव्हा ते जेवत होते. भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

“लिहिलं तिनं? सोताच्या हातानं?”

“हो.”

“तीस वरसांत किती साहेबांचे बॉल सरकवले मी. कर्नल, ब्रिगेडियर, कलेक्टर. एकानं कधी इचारलं नाय, भिवा, बॉल व्हता कुठं.”

“त्यांना माहीत नसेल.”

“माहीत नसतं तर दिवाळीला मिठाईचा पुडा कशापायी देत व्हते?”

“मग मला का शिकवलंत तुम्ही?” मी रडायलाच लागले.

“लिंबावर शिकवलं व्हतं. बाईवर नाय.” आबांनी तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, “उगी. जेव.” पण स्वतः जेवले नाहीत.

कर्णिकबाईंनी शब्द पाळला. सोमवारी क्लब बंद असतो; मंगळवारपासून त्या रोज सकाळी साडेसहाला यायच्या आणि व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसायच्या. समोर चहा. बोटं मात्र पेल्याभोवती क्लब धरल्यासारखी. कोणी पहिल्या टीवरून, खेळ सुरू होतो त्या जागेवरून, मारलं की त्या मान वाकडी करून ऐकायच्या आणि स्वतःशी पुटपुटायच्या, “डावीकडे गेला.” बहुतेक वेळा गेलेलाच असे.

मी दुसऱ्या बॅगा घेत होते. व्हरांड्याखालून जाताना माझ्या चपलांचा आवाज त्यांना कळायचा. त्या मान वळवायच्या, माझ्या कानाशेजारच्या हवेकडे बघायच्या. बोलायच्या नाहीत. सबनीसबाई हळूच मला खूण करायच्या, बोल काहीतरी. मी बॅग सावरून पुढे व्हायचे.

रविवारी सकाळी आबा काठी टेकत आले. व्हरांड्याच्या पायऱ्या कॅडी चढत नाहीत. ते खालीच उभे राहिले, शेजारी युसुफचाचा. मी मागे.

“बाई, भिवा हाय.”

“ओळखलं. गुडघा कसा आहे?”

“कुरकुर करतोय. बाई, उद्या सोमवार.”

“मग?”

“सोमवारी मेंबर नसत्यात. कोर्स आमचा असतो. आम्ही कॅडीलोक खेळतो, नऊ होल.”

“कशानं? तुमच्याकडे क्लब कुठले?”

“सहा जणांत पाच क्लब हैत,” युसुफचाचा म्हणाले. “एक तर तुमच्या मिस्टरांचाच आहे, बाई. तुटला म्हणून टाकला होता, मी दोरा गुंडाळून घेतला.”

बाईंच्या तोंडाचा कोपरा हलला. “दिवेकरांना विचारलंत?”

“सोमवारचं साहेबाला इचारायची पद्धत नाय,” आबा म्हणाले.

“आणि कोणाला लागलं तर? आरसा परवडतो, भिवा. डोकं नाही परवडत.”

“तुमचा फटका होईस्तोवर सगळे तुमच्या मागं उभे ऱ्हातील. रांगेत. पुढं चिटपाखरू नाय. मेंबरं अशी उभी ऱ्हात नाहीत, आम्ही ऱ्हातो.”

बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. “तुमचा नियम काय आहे? पायाचा.”

आबांनी खाली मान घातली. उत्तर युसुफचाचांनी दिलं. “आपसात कोणी हात लावत नाही, बाई. पडला तसा खेळायचा. ते पायाचं काम साहेबलोकांसाठी असतं.”

सोमवारी त्या आल्या. बॅग रिक्षावाल्यानं उतरवली. कॅडी सगळे पहिल्या टीशी गोळा झाले होते, धुतलेले शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखे. कोणी मोठ्यानं बोलेना.

“माझा बॉल कोण बघणार?” बाईंनी विचारलं.

“म्हणाल तो,” युसुफचाचा म्हणाले.

मी लिंबाखाली उभी होते. चपला वाजू नयेत म्हणून काढून हातात घेतल्या होत्या.

“प्रज्ञा आलीय का?”

आबांनी काठीनं माझ्या पोटरीला ढोसलं. मी पुढे झाले. “आहे, बाई.”

“बॅग घे.”

सगळे त्यांच्या मागे गेले, रांगेत. बाईंनी टी खोचली, वीतभर पलीकडे नजर लावली आणि मारलं. फटका वाईट होता. बॉल जमिनीलगत डावीकडे सरपटत गेला आणि घाणेरीच्या जाळीपाशी थांबला.

मी जाऊन बघितलं. मी एकटीच होते तिथे. बाकीचे सगळे लांब मागे होते आणि बाई तर काय. बॉल घाणेरीच्या बुडख्यात अडकला होता. हातभर इकडे मोकळी जागा.

बाई चालत आल्या. “बोल.”

“दिशा, समोर नाही बाई, आधी इथून बाहेर यावं लागेल. एकच्या दिशेला. अंतर दोनशे. जमीन…” मी वाकून पुन्हा बघितलं. “घाणेरी. बुडाशी आहे. पुढे काटे, मागे काटे. वरून फांदी. जवळ मुंगळ्यांचं वारूळ आहे. आणि शेण आहे, वाळलेलं, पण…”

“पुरे, पुरे,” बाई म्हणाल्या. “बॉल विचारला, गावाचा नकाशा नाही.” मागे युसुफचाचांना ठसका लागला. “खेळता येईल?”

“नाही.”

“नक्की?”

“अजिबात नाही.”

“बरं. एक स्ट्रोक.” त्यांनी बॉल काढून घेतला, हात खांद्यासमोर लांब धरला आणि सोडून दिला. “आता?”

“मुरूम. खडा आहे खाली, बारीक.”

“असू दे.”

त्यांनी मारला. खडा आणि बॉल दोन्ही उडाले.

असे आम्ही नऊ होल खेळलो. मी एकही शब्द गाळला नाही. दुसऱ्याला खड्डा सांगितला, पाचव्याला डबकं सांगितलं, सातव्याला बॉल सापडतच नाही असं सांगितलं. तो खरंच सापडला नाही, सगळ्यांनी शोधला. दर होलला बाईंच्या तोंडून एक नवीन शिवी निघत होती. एक्स्चेंजमध्ये सदतीस वर्षं बसून कुठली कुठली भाषा कानावर पडली होती कोण जाणे. कॅडी खूश होते.

खेळ संपल्यावर कॅडींच्या पत्र्याच्या शेडमध्ये चहा झाला. बाईंना बसायला उलटी बादली दिली, वर आबांचा पंचा.

“किती?” त्यांनी विचारलं.

मी मोजून ठेवलं होतं, तरी पुन्हा मोजलं. “एकाहत्तर.”

“एकाहत्तर.” त्यांनी तो आकडा तोंडात घोळवून बघितला, चहात साखर पुरेशी आहे का बघावं तसा. “म्हणजे दिवाळीपासून मी एवढीच वाईट खेळत होते.”

“हो, बाई.”

शेडमध्ये सगळे आपापल्या चहाकडे बघत होते. बाई माझ्याकडे वळल्या.

“आणि त्या दिवशीचे पंचावन्न?”

“तुमचे.”

बाई मान किंचित वाकडी करून ऐकत राहिल्या. पहिल्या टीवरचा फटका ऐकायच्या तशाच, आवाज संपून गेल्यावरही.

“आठही होल?”

“आठही. एकाला पाय लावला नाही. गरजच पडली नाही, बाई. तुम्ही मारलेच तसे.”

बाईंनी हात पुढे केला. माझा खांदा चुकला, कान हाताला लागला. तोच त्यांनी धरला, पिरगाळल्यासारखा, पण पिरगाळला नाही.

“मग त्रेसष्ट होतात माझ्याकडून,” त्या म्हणाल्या.